नांव आणि नाद

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या वडिलांचें एक जुनें व्हायोलिन आहे. वडील तें हौसेनें वाजवीत; त्यांच्यामागें तें पेटींत घालून माळ्यावर ठेवलेलें होतें. स्नेह्यांची कन्या कांहीं वर्षें एका गुरुजींपाशीं व्हायोलिन शिकत असून तिचें लहान मापाचें शिकाऊ वाद्य तिला पुरेनासें झालें, तेव्हां माळ्यावरची पेटी खालीं आली. वाद्याच्या पोटांत डोकावून पाहतां पिवळट कागदाची एक चिठ्ठी दृष्टीस पडली. क्रेमोनाच्या आंतोनियुस स्ट्राडिवारियुसनें १७२१ सालीं केलें, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर तिजवर छापलेला होता. स्नेह्यांनीं शोध केला, तों स्ट्राडिवारीचें १७२१ सालचेंच एक व्हायोलिन २०११ मध्यें लिलावांत सुमारें १ कोटि ५९ लक्ष डॉलरांना विकलें गेल्याचें त्यांस कळलें. झालें! मुलीनें त्या वाद्यास हात लावावयाचा नाहीं असें ठरलें, पेटीला कुलूप लागलें, आणि ते दोन प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. या ठेव्याचें काय करावें, हा पहिला प्रश्न. आणि मुलीसाठीं दुसरें कोणतें व्हायोलिन घ्यावें, हा दुसरा.

पहिला प्रश्न नांवाचा आहे आणि दुसरा नादाचा. व्हायोलिनच्या सुमारें पावणेपांचशें वर्षांच्या इतिहासांत या दोन प्रश्नांची जितकी गल्लत झाली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या वाद्याच्या बाबतींत झाली असेल. उत्तम व्हायोलिन म्हणून कांहीं एक चिरंतन वस्तु आहे, ती एका ठराविक कारागिराच्या हातून एका ठराविक गांवीं उतरली, आणि उरलेलीं सर्व वाद्यें तिच्याहून कमीअधिक अंशांनीं हलकीं, असा समज सर्वत्र रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. काळाची गरज बदलली तसें 'उत्तम' हें विशेषणहि एका वाद्याकडून दुसऱ्याकडे गेलें, असें तो सांगतो. ज्यास व्हायोलिन विकत घ्यावयाचें आहे त्याला हा इतिहास ठाऊक असणें फायद्याचें आहे. त्याच्या खिशाचें बरेंच रक्षण त्यानें होईल.

व्हायोलिनचा आजचा आकार सोळाव्या शतकाच्या मध्यास उत्तर इटलींत सिद्ध झाला. क्रेमोना येथील आंद्रेआ आमाती हा त्याचा पहिला थोर कारागीर होय. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठीं त्यानें घडविलेल्या वाद्यांपैकीं कांहीं अद्यापि अवशिष्ट आहेत. स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी झाडाच्या लांकडाचें पोट, मेपलची पाठ व कडा, आणि हे सर्व भाग जोडावयास जनावरांच्या कातड्याचा सरस, अशी ही रचना तेव्हांपासून आजतागायत कायम आहे. सरसाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हा सरस ऊब आणि ओल लागतांच सुटतो; त्यामुळें व्हायोलिन हें पुनः पुनः उघडतां येणारें वाद्य झालें आहे. पुढील सर्व हकीकत या एका सोयीवर अवलंबून आहे.

आमातींचें वाद्य ज्या जागीं वाजत असे त्या जागा म्हणजे राजवाड्यांतील दालनें, देवळें आणि नृत्याच्या मजलसी. ऐकणारे थोडे आणि जवळ बसलेले. म्हणून त्यांच्या वाद्यांत गोडवा आहे, हळुवारपणा आहे. प्रचंड आवाजाची तेव्हां कोणास आवश्यकताच नव्हती. १६३० सालच्या प्लेगनें क्रेमोनावर घाला घातला आणि आंद्रेआचा नातू निकोलो हा एकटाच त्या विद्येचा वारस उरला. तोंवर घराण्याबाहेर न गेलेली कला त्यानें परक्या मुलांस शिकविण्यास आरंभ केला. ग्वार्नेरी घराण्याचा मूळ पुरुष त्याच्याच कारखान्यांत तयार झाला, आणि आंतोनिओ स्ट्राडिवारी त्याच परंपरेंत वाढला. स्ट्राडिवारी १७३७ सालीं नव्वदी ओलांडून वारला; ग्वार्नेरी घराण्यांतील सर्वांत प्रख्यात जो जुझेप्पे, तो १७४४ सालीं वारला. क्रेमोनाचा सुवर्णकाल त्यांच्याबरोबरच संपला. परंतु तो सुवर्णकाल होता हें त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें, आणि येथेंच या कथेची खरी गंमत आहे.

अठराव्या शतकांतील एखाद्या जाणत्या ग्राहकास 'सर्वश्रेष्ठ व्हायोलिन कोणाचें?' असें विचारलें असतें, तर त्यानें बहुधा स्ट्राडिवारीचें नांव घेतलें नसतें. टायरोल प्रांतांतील आब्साम गांवचा याकोब श्टाइनर, जो १६८३ सालींच वारला होता, त्याचें नांव त्यानें घेतलें असतें. श्टाइनरच्या वाद्याचें पोट बरेंच फुगीर असे. त्याचा सूर चटकन् उमटे, नाजूक आणि रसाळ लागे, आणि दिवाणखान्यांत तो फार शोभे. मोझार्टचा पिता लेओपोल्ट याजपाशीं श्टाइनरचें वाद्य होतें. थोर संगीतकार बाख हा १७५० सालीं निवर्तला तेव्हां त्याच्या चीजवस्तूची जी यादी झाली तींत श्टाइनरचें म्हणून नोंदलेलें एक व्हायोलिन आहे; त्याची किंमत ८ थालर धरली होती. त्याच यादींत एका उत्तम क्लाव्हेसिनची, म्हणजे पियानोच्या पूर्वीच्या पेटीवजा तंतुवाद्याची, किंमत ८० थालर आहे. सर्वांत नामांकित कारागिराच्या नांवावर मोडणारें व्हायोलिनहि त्या काळीं वादकाचें एक हत्यार होतें, दौलत नव्हे, एवढा बोध या दोन आंकड्यांवरून होण्यासारखा आहे.

तथापि फसवणुकीचा उगम तेव्हांच झाला होता. लेओपोल्ट मोझार्टनें १७५६ सालीं व्हायोलिनवादनाच्या शिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत त्यानें ग्राहकांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. लोक रोगणाची चकाकी आणि शेंड्यावर कोरलेलें सिंहाचें तोंड पाहून भुलतात, पण त्या सिंहाचा नादाशीं कांहीं संबंध नाहीं. केसांचा सुरेख टोप चढविल्यानें डोक्यांत शहाणपण शिरत नाहीं, तशांतलाच हा प्रकार, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. कानाचें काम डोळ्यांवर सोंपविण्याची ही संवय किती जुनी आहे, हें यावरून दिसून येईल.

मग स्ट्राडिवारीचें भाग्य उदयास आलें तें कसें? त्यास कारण झालें बदललेलें सभागृह. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगीत राजवाड्यांतून बाहेर पडून पैसे देऊन येणाऱ्या श्रोत्यांपुढें आलें. मोठीं सभागृहें झालीं, वाद्यवृंद वाढले, आणि त्या सर्वांवरून एकट्या व्हायोलिनचा सूर मागच्या रांगेपर्यंत पोंचविणें वादकास भाग पडलें. १७८२ सालीं इटालियन वादक व्हिओत्ती पॅरिसमध्यें प्रथम वाजला आणि त्यानें ती नगरी जिंकली. त्याच्या हातीं स्ट्राडिवारीचें वाद्य असे. सुमारें त्याच काळांत फ्रान्स्वा तूर्त यानें गजाला आजचें अंतर्वक्र रूप दिलें. नव्या गजाचा जोर आणि वाढता स्वर हीं दोन्ही पेलावयास सपाट पोटाचें वाद्य अधिक लायक ठरलें. श्टाइनरचें फुगीर वाद्य जवळ बसणारास गोड वाटे, परंतु दूरच्या श्रोत्यास तें अपुरें पडूं लागलें. स्ट्राडिवारीच्या आणि ग्वार्नेरीच्या वाद्यांचें पोट सपाट होतें. पुढें पागानिनीनें जें वाद्य आयुष्यभर वाजविलें आणि मरणोत्तर जिनोआ शहरास दिलें, तें १७४३ सालचें ग्वार्नेरीचें आहे. त्याच्या दणदणीत आवाजावरून तो त्यास 'तोफ' म्हणे. या नांवांतच नव्या युगाची मागणी काय होती तें स्पष्ट आहे.

परंतु येथेंहि एक मेख आहे. या जुन्या वाद्यांच्या मूळ माना आंखूड आणि सरळ बसविलेल्या होत्या; आंतील आधाराची पट्टी बारीक होती; तारा तांतीच्या आणि कमी ताणाच्या होत्या. नव्या गरजेसाठीं कारागिरांनीं वाद्यें उघडलीं, लांब आणि मागें कललेल्या माना बसविल्या, पट्ट्या जाड केल्या, घोड्या उंच केल्या. स्ट्राडिवारीच्या सर्व व्हायोलिनांवर, कांहीं थोडे अपवाद सोडल्यास, हा संस्कार झालेला आहे. म्हणजे आज आपण ज्यास स्ट्राडिवारीचा नाद म्हणतों तो स्वतः स्ट्राडिवारीनें कधीं ऐकलेला नाहीं. पेटी त्याची, पण नाद एकोणिसाव्या शतकानें आपल्या कामापुरता घडवून घेतलेला. वाद्य 'जन्मतः' उत्तम असतें हा समज यापुढें टिकावयाचा कसा?

एकदां नांव मोठें झालें कीं त्याचा व्यापार होणें ओघानेंच आलें. त्याचा आद्य पुरुष म्हणजे पीडमाँटमधील एक तरुण सरदार, काउंट कोझिओ दि सालाब्युए. १७७५ सालीं त्यानें स्ट्राडिवारीचा मुलगा पाओलो याजकडून कारखान्यांत उरलेलीं वाद्यें विकत घेतलीं. हा पाओलो कापडाचा व्यापारी होता आणि बापाच्या कलेशीं त्याचा संबंध देण्याघेण्यापुरताच उरला होता. कोझिओनें वाद्यांचीं मापें, रोगण, चिठ्ठ्या यांच्या बारीक नोंदी ठेविल्या. व्हायोलिनच्या पारखीचें शास्त्र तेथून सुरू झालें असें म्हणतां येईल.

दुसरा पुरुष लुइजी तारीझिओ, जन्मानें गरीब आणि धंद्यानें सुतार. खेडोपाडीं, मठांतून व शेतकऱ्यांच्या घरांतून हिंडून तो जुनीं, मोडकीं, विसरलेलीं वाद्यें मिळवी; बदल्यांत नवें वाद्य देई आणि मालकहि खूष होई. १८२७ च्या सुमारास तो पहिल्यानें पॅरिसला गेला आणि त्याच्या झोळींतून निघालेलीं वाद्यें पाहून तेथील व्यापारी थक्क झाले. त्याच वर्षीं कोझिओकडील १७१६ सालचें, जवळजवळ न वाजविलेलें असें एक स्ट्राडिवारी त्याच्या हातीं लागलें. त्या वाद्याची स्तुति तो दरवेळीं पॅरिसमध्यें करी, पण तें आणून दाखवीत मात्र नसे. अखेर वादक आलार यानें थट्टेनें म्हटलें कीं हें वाद्य म्हणजे यहुद्यांचा मसीहाच झालें. वाट पाहावी आणि त्यानें कधीं येऊं नये! तेंच नांव त्यास चिकटलें. १८५४ सालीं तारीझिओ मिलान येथें आपल्या दरिद्री खोलींत वाद्यांच्या ढिगांत मेलेला आढळला. आलारचा सासरा, पॅरिसचा प्रख्यात कारागीर व्हियोम, हा १८५५ च्या आरंभीं धांवत इटलीस गेला आणि सुमारें दीडशें वाद्यें त्यानें ऐंशीं हजार फ्रँकांच्या आंतबाहेर खरेदी केलीं. त्यांत सुमारें दोन डझन स्ट्राडिवारी होतीं. 'मसीहा' आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत कांचेच्या पेटींत आहे. तें सर्वांत प्रसिद्ध व्हायोलिनांपैकीं एक असून त्याचा नाद ऐकलेला माणूस आज मिळणें कठीण. नांव आणि नाद यांची फारकत याहून पूर्ण कशी असूं शकेल? आणि आमच्या स्नेह्यांनीं ज्या लिलावाची वार्ता वाचली तो करणाऱ्या पेढीनें स्वतःस 'तारीझिओ' हेंच नांव घेतलें आहे, हाहि योगायोग नव्हे.

व्हियोम हा स्वतः असामान्य कारागीर होता. जुन्या वाद्यांच्या त्यानें केलेल्या प्रतिकृति इतक्या हुबेहूब असत कीं जाणतेहि घोटाळ्यांत पडत. तो मूळचा लोरेन प्रांतांतील मिरेकूर गांवचा. आणि हें गांव, बव्हेरियांतील मिटेनवाल्ड, व सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्खेन हीं एकोणिसाव्या शतकांत सामान्य माणसाच्या व्हायोलिनचीं माहेरघरें झालीं. मार्कनॉयकिर्खेन येथें बोहेमियांतून धर्मच्छळामुळें आलेल्या कारागिरांनीं १६७७ सालींच आपला संघ स्थापिला होता. पुढें तेथें श्रमविभाग पराकाष्ठेस पोंचला. एका घरीं नुसते शेंडे कोरावयाचे, दुसऱ्या घरीं पोटें आणि पाठी, तिसऱ्या घरीं गज. व्यापाऱ्यानें सर्व भाग गोळा करून जोडवून घ्यावयाचे. निर्यात इतकी वाढली कीं १८९३ सालीं अमेरिकेनें त्या चिमुकल्या गांवांत आपली वकिलात उघडली.

या कारखान्यांनीं प्रत्येक वाद्यांत एक चिठ्ठी डकविली. ज्या जुन्या कारागिराच्या घाटावर वाद्य बेतलें असेल त्याचें नांव तींत छापावयाचें, असा प्रघात होता. व्यापाऱ्याच्या सूचिपत्रांत 'स्ट्राडिवारी घाट', 'आमाती घाट', 'श्टाइनर घाट' अशा सदरांखालीं तीं अल्प किंमतीस विकत. मूळ ग्राहकास ती चिठ्ठी म्हणजे काय हें ठाऊक होतें. फसले ते त्याचे नातू. पुढें १८८७ सालच्या ब्रिटिश कायद्यानें व १८९० सालच्या अमेरिकन जकात कायद्यानें परदेशी मालावर त्याच्या देशाचें नांव घालण्याची रीत पडली, आणि स्ट्राडिवारीच्या लॅटिन नांवाखालीं 'मेड इन जर्मनी' असे इंग्रजी शब्द विराजमान झाले. आमच्या स्नेह्यांची पेटी उघडवून विजेच्या बत्तीच्या उजेडांत आम्हीं चिठ्ठी पुन्हां पाहिली, तों धुळीखालीं शेवटच्या ओळींत बारीक अक्षरांत हेच तीन शब्द होते. स्नेही क्षणभर स्तब्ध बसले. त्या पेटीच्या भरंवशावर त्यांनीं मुलीच्या उच्च शिक्षणाचे बेत मनांतल्या मनांत रचले होते, हें त्यांनीं मागाहून सांगितलें. या एका चिठ्ठीपायीं जगांत अशीं किती मनें उल्हसित आणि विषण्ण झालीं असतील त्यास गणती नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, खोटें नांव खोटें ठरलें. पण खऱ्या नांवामागें खरा नाद असतोच ना? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची परीक्षाहि झालेली आहे. १८१७ सालीं शानो नांवाच्या फ्रेंच नौका-अभियंत्यानें कोपरे नसलेलें, गिटारच्या घाटाचें व्हायोलिन करून पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें ठेविलें. तेथें स्ट्राडिवारीच्या वाद्याशीं त्याची तुलना झाली, आणि तें कोणत्याहि प्रकारें कमी नाहीं असा निर्णय मिळाला. तरी वादकांनीं तें घेतलें नाहीं. तें व्हायोलिनसारखें दिसत नव्हतें!

अलीकडील प्रयोग अधिक कसोशीचे आहेत. २०१० सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांचे सहकारी यांनीं २१ वादकांपुढें सहा व्हायोलिनें ठेविलीं. तीन नवीं, दोन स्ट्राडिवारीचीं आणि एक ग्वार्नेरीचें. खोली अंधारी, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि जुन्या लांकडाचा वास ओळखूं येऊं नये म्हणून हनुवटीच्या आधारापाशीं अत्तराचा थेंब. बहुतेकांची पसंती नव्या वाद्याकडे गेली आणि सर्वांत नापसंत ठरलेलें वाद्य स्ट्राडिवारीचें निघालें. २०१२ सालीं पॅरिसमध्यें दहा नामांकित एकल वादकांनीं सहा जुनीं आणि सहा नवीं वाद्यें अशींच पारखलीं. दहांपैकीं सहांनीं नवें पसंत केलें. सभागृहांत बसलेल्या श्रोत्यांवर पुढें केलेल्या प्रयोगांतहि नव्या वाद्यांचा सूर अधिक दूर पोंचतो असेंच दिसून आलें. यावरून जुनीं वाद्यें टाकाऊ आहेत असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. वाद्य आणि वादक यांची ओळख पटावयास वर्षें लागतात आणि ती तासाभराच्या परीक्षेंत मोजतां येत नाहीं. परंतु नांव झांकलें असतां थोर वादकांचेहि कान तें नांव ओळखूं शकत नाहींत, इतकें तरी निर्विवाद सिद्ध झालें आहे.

गरज बदलली कीं वाद्याची कसोटी बदलते, याचा सर्वांत जवळचा दाखला आपल्याच देशांत आहे. दक्षिणेंत बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनीं मद्रासजवळील मणली येथील मुदलियारांच्या आश्रयास असतां एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन आत्मसात् केलें आणि तें कर्नाटक संगीतांत आणलें. त्याच सुमारास तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर सरफोजी राजे होते (राज्यकाल १७९८–१८३२). त्यांच्या पदरीं पाश्चात्त्य वाद्यवृंद होता आणि देशी पंडितांबरोबर युरोपीय वाद्यांसहि त्या मराठी दरबारांत मान होता. त्या दरबारच्या चार प्रसिद्ध बंधूंपैकीं वडिवेलु यानें व्हायोलिनमध्यें नैपुण्य मिळविलें, आणि तो त्रावणकोरला गेल्यावर स्वाति तिरुनाळ महाराजांनीं १८३४ सालीं त्यास हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिलें. गोमंतकांत हेंच वाद्य चर्चच्या शाळांतून निराळ्याच वाटेनें आलें. तेथें त्यास पोर्तुगीज वळणानें 'रेबेक' म्हणतात, आणि त्या शाळांत तयार झालेल्या वादकांनींच पुढें मुंबईच्या नृत्यगृहांतील व चित्रपटांतील वाद्यवृंद उभे केले.

आतां फरक पाहा. युरोपीय वादक उभा राहून वाद्य हनुवटीखालीं धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचा शेंडा पायावर टेंकवितो. युरोपीय वादक तारा ठराविक स्वरांत लावतो. आपला वादक त्या षड्ज-पंचमांत, गायकाच्या वा स्वतःच्या षड्जास धरून, बहुधा बऱ्याच उतरवून लावतो. त्याला मोठ्या वाद्यवृंदावर मात करावयाची नसते. त्याला मींड हवी, गमक हवा, गळ्याची नक्कल हवी. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे अंतुबुवा जोश्यांचे चिरंजीव स्वतः कसलेले गवई होते, आणि त्यांच्या व्हायोलिनमध्यें त्यांचा गळाच ऐकूं येई. अशा वादकास जें वाद्य हवें तें कमी ताणावरहि मोकळेपणीं बोलणारें, खर्जांत भरदार, आणि स्वरावरून स्वरावर घसरतांना न अडखळणारें. सभागृह गाजविण्यासाठीं खेंचून बांधलेलें महागडें वाद्य त्याच्या हातीं कदाचित् मुकें होईल. पॅरिसच्या सभागृहानें श्टाइनरला मागें टाकलें म्हणून पुण्याच्या बैठकीनेंहि तें टाकावें असें नाहीं.

तेव्हां खरेदीस जाणारानें प्रथम स्वतःस तीन प्रश्न विचारावे : वाजविणार कोण, वाजवावयाचें काय, आणि ऐकावयाचें कोठें? वाजविणार लहान मूल असेल तर मापाचा विचार आधीं. पूर्ण मापाच्या वाद्याची पेटी सुमारें १४ इंच लांब असते. डावा हात सरळ लांब केला असतां शेंडा तळहातांत आरामानें यावा. 'वाढत्या अंगाचें' म्हणून मोठें वाद्य घेणें हें कपड्यांत चालतें, येथें नाहीं. त्यानें बोटें वाकडीं पडतात. मग प्रकृति पाहावी. पोट व कडा यांची सांध सुटली असेल तर भय नाहीं, तो सरसाचा दोष आहे आणि जुजबी खर्चांत दुरुस्त होतो. पाठीला तडा असेल, विशेषतः आंतील काठीच्या जागीं, तर मात्र तें वाद्य दूर ठेवावें. ही काठी म्हणजे पोट व पाठ यांमध्यें नुसती दाबून बसविलेली लहानशी लांकडी दांडी; फ्रेंच व इटालियन लोक तिला वाद्याचा 'आत्मा' म्हणतात, आणि तें यथार्थ आहे, कारण ती केसभर सरकली कीं नाद पालटतो. पुष्कळ वाद्यें केवळ काठी व घोडी नीट नसल्यामुळें वाईट ठरतात. खुंट्या सहज फिराव्या आणि लावलेल्या जागीं राहाव्या. बोटांची पट्टी सरळ असावी. गजासाठीं पैसे वेगळे राखून ठेवावे, कारण वाद्य पाहून झाल्यावर उरेल त्यांत गज घेणें ही सर्वसाधारण चूक आहे.

आणि सरतेशेवटीं ऐकावें. पण किंमत विचारण्याआधीं. एकानें वाजवावें, दुसऱ्यानें दूर बसून पाठ फिरवून ऐकावें. कानाजवळ मोठा वाटणारा आवाज दूर पोंचतोच असें नाहीं, हें श्टाइनरच्या आणि स्ट्राडिवारीच्या कथेनें आपणांस शिकविलेंच आहे. शक्य असल्यास वाद्य आठ दिवस घरीं आणावें, आणि ज्या खोलींत तें रोज वाजावयाचें त्या खोलींत तें वाजवून पाहावें.

आमच्या स्नेह्यांनीं तसेंच केलें. त्यांच्या वडिलांच्या वाद्याची एका बाजूची सांध सुटली होती आणि आंतील काठी पडलेली होती. कारागिरानें दोन्ही नीट करून दिलीं. दुकानांतून आणखी दोन नवीं वाद्यें परीक्षेसाठीं आणलीं. गुरुजींनीं शेजारच्या खोलींत बसून तिन्ही वाद्यें एकाच षड्जांत लावलीं आणि एकच बंदिश तिन्हींवर वाजविली. स्नेह्यांनीं आधीं दुकानांतलें एक पसंत केलें. दुसऱ्या फेरीस दुसरेंच पसंत केलें. मुलीनें दोन्ही वेळां एकाच वाद्याकडे बोट दाखविलें, आणि तें तिच्या आजोबांचें निघालें. खर्जाची तार त्यावर चांगली बोलते, एवढेंच कारण तिनें दिलें. वरचा षड्ज दुकानांतल्या एका वाद्यावर अधिक खुलतो असें गुरुजींचें मत पडलें, परंतु हात तिचा आणि गाणें तिचें, म्हणून त्यांनीं आग्रह धरला नाहीं.

पेटीचें कुलूप निघालें. मार्कनॉयकिर्खेनच्या किंवा तशाच एखाद्या गांवच्या कोण्या अज्ञात घरीं एकानें शेंडा कोरला, दुसऱ्यानें पोट तासलें, तिसऱ्यानें तीं जोडलीं. त्यांपैकीं कोणाचेंहि नांव त्या वाद्यावर नाहीं, आणि ज्याचें आहे त्यानें तें कधीं पाहिलें नाहीं. स्नेह्यांनीं ती खोटी चिठ्ठी काढून टाकावी काय असें आम्हांस विचारलें. आम्हीं म्हटलें, राहूं द्या. मात्र मुलगी सकाळीं रियाजास बसेल तेव्हां आपण दुसऱ्या खोलींत बसून ऐकत जा. तेथून ती दिसत नाहीं.